न घेतलेली शपथ : संत थॉमस मोर आणि देवाच्या आज्ञा

पहिल्या कम्युनियनच्या तयारीला बसलेल्या मुलांकडून देवाच्या दहा आज्ञा म्हणून घेताना आम्हांला एक अनुभव नेहमी येतो. हत्या करू नये, चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये, या आज्ञा मुले ठामपणे सांगतात. त्यांचा अर्थही त्यांना कळतो. दुसऱ्या आज्ञेपाशी मात्र ती थबकतात. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये म्हणजे नेमके काय करू नये? मुलांचे कशाला, आपण मोठी माणसेही बोलण्याच्या ओघात कितीदा तरी देवाशपथ म्हणून जातो. त्या एका शब्दाने आपण कोणाला साक्षीला बोलावले, याचा विचार मनात येत नाही.

या दुसऱ्या आज्ञेसाठी एका माणसाने आपले प्राण दिले. तो माणूस मठवासी नव्हता, धर्मगुरूही नव्हता. तो वकील होता, न्यायाधीश होता, चार मुलांचा बाप होता आणि काही काळ इंग्लंडच्या राजाखालोखालचा अधिकारी होता. संत थॉमस मोर यांचा सण ख्रिस्तसभा दरवर्षी २२ जून रोजी संत जॉन फिशर यांच्या सणाबरोबर पाळते. त्यांचे चरित्र अनेकदा सांगितले जाते ते राजा आणि संत यांच्यातील झुंज म्हणून. आम्ही ते देवाच्या आज्ञांच्या अंगाने वाचू इच्छितो. कारण त्यांच्या शेवटच्या दिवसाचे रहस्य त्यांच्या साध्या दिवसांत दडलेले आहे, असे आम्हांला वाटते.

लंडनमधील जडणघडण

थॉमस मोर यांचा जन्म १४७८ साली लंडन येथे झाला. वडील जॉन मोर हे वकील होते व पुढे न्यायाधीश झाले. लंडनच्या सेंट अँथनी शाळेत आरंभीचे शिक्षण घेतल्यावर थॉमस यांना कँटरबरीचे आर्चबिशप जॉन मॉर्टन यांच्या घरी सेवेकरी म्हणून ठेवण्यात आले. मुलाची हुशारी पाहून आर्चबिशपांनी त्यांना ऑक्सफर्डला पाठविले. परंतु मुलाने आपल्याप्रमाणेच कायद्याचा व्यवसाय करावा अशी वडिलांची इच्छा होती. सुमारे दोन वर्षांनी थॉमस लंडनला परतले व १४९६ साली लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेत दाखल झाले.

तरुण वयात त्यांच्या मनात संन्यस्त जीवनाची ओढ होती. कायद्याचा अभ्यास चालू असतानाच सुमारे चार वर्षे ते लंडनच्या कार्थुशियन मठाच्या सहवासात राहिले आणि तेथील प्रार्थना व उपवासांत सहभागी झाले. अखेर आपले पाचारण प्रापंचिक जीवनाचे आहे असा निर्णय त्यांनी घेतला. मठातून त्यांनी दोन गोष्टी मात्र घरी आणल्या. एक पहाटेच्या प्रार्थनेची सवय, आणि दुसरी कपड्यांच्या आत अंगाला टोचणारे केसाळ वस्त्र घालण्याचे प्रायश्चित्त. हे दुसरे गुपित त्यांच्या थोरल्या मुलीवाचून फारच थोड्यांना ठाऊक होते.

घर हीच पहिली पाठशाळा

१५०५ साली त्यांचा विवाह जेन कोल्ट यांच्याशी झाला. मार्गारेट, एलिझाबेथ, सिसिली आणि जॉन ही चार मुले झाल्यावर १५११ साली जेन वारल्या. लहान मुलांना आई हवी म्हणून मोर यांनी लवकरच ॲलिस मिडलटन या विधवा बाईंशी विवाह केला. मुलींना शिकवून काय करायचे, असे जेव्हा युरोपभर मानले जात होते तेव्हा मोर यांनी आपल्या मुलींना मुलाच्या बरोबरीने लॅटिन, ग्रीक व तत्त्वज्ञान शिकविले. थोरली मार्गारेट इतकी विद्वान झाली की, एरास्मस या महापंडिताच्या प्रभूच्या प्रार्थनेवरील ग्रंथाचे तिने इंग्रजीत भाषांतर केले.

चेल्सी येथे थेम्स नदीकाठी त्यांनी मोठे घर बांधले. रात्री घरातील सर्व माणसे, नोकरचाकरांसह, एकत्र प्रार्थना करीत. जेवताना पवित्र शास्त्रातील उतारा वाचला जाई व त्यावर चर्चा होई. घरापासून थोड्या अंतरावर त्यांनी चॅपल व ग्रंथालय असलेली वेगळी वास्तू उभारली होती. शक्य तेव्हा शुक्रवारचा संपूर्ण दिवस ते तेथे प्रार्थनेत घालवीत.

तिसरी आज्ञा ते कशी पाळीत, याची एक हकिकत त्यांचे जावई विल्यम रोपर यांनी लिहून ठेवली आहे. चॅन्सेलर असतानाही मोर चेल्सीच्या चर्चमध्ये पांढरा झगा घालून गायकवृंदात उभे राहत. एकदा नॉरफोकचे ड्यूक त्यांच्याकडे जेवायला आले असताना त्यांनी हे पाहिले. राज्याच्या चॅन्सेलरने धर्मग्रामातील साध्या सेवकाचे काम करावे, हे त्यांना राजाच्या पदाला कमीपणा आणणारे वाटले. मोर यांनी हसून त्यांची समजूत घातली. राजाच्याही वर जो धनी आहे त्याची सेवा केल्याने राजाचा अपमान कसा होईल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

चौथ्या आज्ञेचेही तसेच. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये एकीकडे वृद्ध जॉन मोर न्यायाधीश म्हणून बसत आणि दुसरीकडे त्यांचे चिरंजीव चॅन्सेलर म्हणून. आपल्या न्यायासनाकडे जाताना वाटेत वडील दिसले की चॅन्सेलर भर दरबारात गुडघे टेकून त्यांचा आशीर्वाद मागत. पद मोठे झाले म्हणून मुलगा बापापेक्षा मोठा होत नाही, हे त्या देशातील सर्व वकिलांनी डोळ्यांनी पाहिले.

न्यायासनावर

मोर यांची सार्वजनिक कारकीर्द पायरीपायरीने चढत गेली. १५१० साली ते लंडनचे उपशेरीफ झाले. १५१६ साली त्यांचा युटोपिया हा ग्रंथ प्रसिद्ध झाला व युरोपभर गाजला. १५२१ साली त्यांना सर हा किताब मिळाला आणि १५२३ साली ते संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती झाले. १५२९ च्या ऑक्टोबरमध्ये कार्डिनल वुल्झी यांना पदच्युत केल्यावर राजा आठवे हेन्री यांनी मोर यांना लॉर्ड चॅन्सेलर नेमले.

त्या काळी न्यायाधीशांनी पक्षकारांकडून भेटी घेणे हा रिवाजच होता. मोर यांनी तो मोडला. ज्या विधवा बाईचा दावा त्यांनी न्यायाने तिच्या बाजूने निकाली काढला होता, तिने नववर्षाची भेट म्हणून हातमोजे पाठविले. त्यांत चाळीस पौंडांची सोन्याची नाणी भरलेली होती. मोर यांनी तिचा मान राखण्यासाठी हातमोजे ठेवून घेतले व नाणी परत केली. त्यांच्या एका जावयाने सासऱ्याच्या जोरावर तडजोड नाकारली, तेव्हा निकाल जावयाच्या विरुद्ध गेला. वर्षानुवर्षे तुंबलेले दावे त्यांनी इतक्या नेटाने निकाली काढले की, एके दिवशी पुढचा दावा बोलवा असे म्हणताच पुढे दावाच शिल्लक नसल्याचे कळले. सातवी आज्ञा केवळ खिसेकापूसाठी नसते, खुर्चीवर बसणाऱ्यासाठीही असते, हे त्यांनी ओळखले होते.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. पाखंडी मते पसरली तर समाज फुटेल व आत्मे नाश पावतील, या भीतीने मोर यांनी त्या मतांच्या लोकांविरुद्ध कठोर भूमिका घेतली. वादग्रंथांतील त्यांची भाषा जहाल आहे. ते चॅन्सेलर असताना इंग्लंडमध्ये सहा जणांना पाखंडाच्या आरोपाखाली जाळण्यात आले व त्यांपैकी काहींच्या चौकशीत मोर यांचा स्वतःचा सहभाग होता. धर्मस्वातंत्र्याविषयी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दिलेली शिकवण लाभलेल्या आपणांस हे वाचताना दुःख होते. संतही आपापल्या काळाची माणसे असतात. ज्यांचे संतपण ख्रिस्तसभेने जाहीर केले आहे, त्यांच्याही सर्व कृती अनुकरणीय नसतात.

राजाचा पेच

आठव्या हेन्रींचा विवाह त्यांच्या दिवंगत भावाची विधवा, अरागॉनची राजकन्या कॅथरीन हिच्याशी १५०९ साली झाला होता. त्यासाठी पोप महोदय दुसरे ज्युलियस यांनी आवश्यक ती सूट दिली होती. या विवाहातून एकच मुलगी, मेरी, जगली. राजाला पुत्र हवा होता, आणि दरबारातील ॲन बोलीन हिच्यावर त्याचे मन जडले होते. १५२७ पासून आपला विवाह मुळातच अवैध होता असे त्याने म्हणण्यास सुरुवात केली.

लक्षात घेण्यासारखी बाब अशी की, राजाही देवाच्या आज्ञेचाच आधार घेत होता. भावाच्या पत्नीशी विवाह करण्यास मनाई करणारे लेवीयाच्या पुस्तकातील वचन तो पुढे करीत असे. आज्ञा झुगारणारा माणूस नेहमी उघडपणे झुगारतो असे नाही. पुष्कळदा आपल्याला हवा असलेला निर्णय आधी ठरतो आणि मग त्याला साजेसे वचन शोधले जाते. मोर यांनी शास्त्र व परंपरा यांचा अभ्यास केला. राजाच्या मताशी आपण सहमत होऊ शकत नाही, हे त्यांनी राजाला एकांतात सांगितले. जाहीरपणे मात्र ते काही बोलले नाहीत.

रोमकडून अनुकूल निकाल येईना, तेव्हा राजाने इंग्लंडमधील धर्मसत्ता आपल्या हाती घेण्यास आरंभ केला. १५ मे १५३२ रोजी तेथील धर्मगुरुवर्गाने राजापुढे शरणागती पत्करली. दुसऱ्याच दिवशी मोर यांनी चॅन्सेलरपदाचा राजीनामा दिला. मिळकत एकदम घटली. त्यांनी मुलांना एकत्र बसवून खर्च कसा कमी करावा लागेल हे समजावून सांगितले आणि आपल्या नोकरांना दुसरीकडे कामे मिळवून दिली. जून १५३३ मध्ये ॲन बोलीन हिला राणी म्हणून मुकुट चढविण्यात आला. त्या सोहळ्यास मोर गेले नाहीत.

लॅम्बेथचा दिवस

१५३४ च्या वसंतात संसदेने उत्तराधिकाराचा कायदा केला. ॲनच्या मुलांना गादीचा वारसा देणाऱ्या या कायद्याला पाठिंबा देण्याची शपथ प्रत्येक प्रजाजनाने घ्यावयाची होती. १३ एप्रिल १५३४ रोजी लॅम्बेथ येथे मोर यांना बोलावणे आले. त्या दिवशी सकाळी त्यांनी पापनिवेदन केले व मिस्सा ऐकली. एरवी घरची माणसे त्यांना नावेपर्यंत पोहोचवीत. त्या दिवशी त्यांनी बागेचे फाटक मागे ओढून घेतले व कोणालाही बरोबर येऊ दिले नाही.

अधिकाऱ्यांपुढे त्यांनी कायदा व शपथेचा मजकूर दोन्ही शांतपणे वाचले. गादीचा वारस कोण असावा हे ठरविण्याचा अधिकार संसदेला आहे, आणि तेवढ्यापुरती शपथ घेण्यास आपली तयारी आहे, असे त्यांनी सांगितले. परंतु मांडलेली शपथ तेवढीच नव्हती. कॅथरीनचा विवाह देवाच्या नियमाविरुद्ध होता, आणि त्याला सूट देण्याचा पोप महोदयांना अधिकार नव्हता, असे म्हणणारा सगळा कायदा तीत स्वीकारावा लागत होता. आपल्या आत्म्याला धोक्यात घातल्यावाचून ही शपथ आपण घेऊ शकत नाही, असे ते म्हणाले. ती घेणाऱ्या कोणालाही त्यांनी दोष दिला नाही. त्यांना थोडा वेळ बाहेर बसविण्यात आले. खिडकीतून त्यांना लंडनचे धर्मगुरू दिसत होते. एकेक जण आत जाऊन शपथ घेत होता व हसतमुखाने बाहेर पडत होता.

आर्चबिशप क्रॅनमर यांनी त्यांच्यापुढे एक युक्तिवाद ठेवला. ज्या अर्थी तुम्ही इतरांना दोषी मानत नाही, त्या अर्थी हा प्रश्न तुमच्या दृष्टीने अनिश्चित आहे. राजाची आज्ञा पाळणे हे मात्र निश्चित कर्तव्य आहे. तेव्हा अनिश्चित सोडा व निश्चित करा. युक्तिवाद चतुर होता, व मोर क्षणभर विचारात पडले. मग त्यांनी उत्तर दिले की, असे असेल तर राजाने एक आज्ञा काढली की विद्वानांच्या सगळ्या शंका मिटल्या, विवेकबुद्धीला काही कामच उरले नाही. १७ एप्रिल रोजी त्यांची रवानगी टॉवरच्या तुरुंगात झाली.

प्रिय वाचकहो, येथे क्षणभर थांबावे असे आम्हांला वाटते. मनात एक राखून तोंडाने दुसरे म्हटले असते तर त्या दिवशी मोर घरी परतले असते. बिशपांपैकी रॉचेस्टरचे जॉन फिशर यांच्याखेरीज बाकीच्यांनी शपथ घेतली होती. मग मोर का अडले? कारण शपथ म्हणजे मोर यांच्या लेखी एक प्रार्थना होती. आपण जे म्हणतो ते खरे आहे, याला देवाला साक्षीदार ठेवणे म्हणजे शपथ. ती खोटी घेणे म्हणजे जो सत्यस्वरूप आहे त्यालाच असत्याचा साक्षीदार बनविणे. दुसऱ्या आज्ञेचा गाभा तो हाच.

टॉवरमधील पंधरा महिने

तुरुंगात मोर यांनी संकटकाळातील सांत्वनाविषयी एक संवादग्रंथ लिहिला. सर्वांत कठीण परीक्षा घरच्या माणसांकडून आली. पत्नी ॲलिस भेटीस आल्या तेव्हा, चेल्सीचे सुंदर घर, बाग व मुलेबाळे सोडून उंदरांच्या सोबतीने कोंडून राहण्यात कोणते शहाणपण आहे, असे त्यांनी नवऱ्याला सरळ विचारले. हे घरही स्वर्गाला माझ्या त्या घराइतकेच जवळ नाही का, असे मोर यांनी त्यांना उलट विचारले. लाडकी मार्गारेट हिनेही वडिलांचे मन वळविण्याचा प्रयत्न केला. देवाचा नियम परवानगी देतो तेथवर, अशी शर्त घालून तिने स्वतः शपथ घेतली होती. मोर यांनी तिच्यावर राग धरला नाही आणि आपला निश्चयही सोडला नाही.

१५३४ च्या नोव्हेंबरमध्ये राजाला इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचा सर्वोच्च प्रमुख ठरविणारा कायदा झाला. ही पदवी दुष्ट हेतूने नाकारणे हा राजद्रोह मानला जाऊ लागला. मोर कायदेपंडित होते. आपण मौन राखले तर कायदा आपणांस शिक्षा करू शकत नाही, हे ते जाणत होते. रक्तसाक्षी होण्याची हौस त्यांना नव्हती. देवाने दिलेले आयुष्य सन्मार्गाने वाचवता येईल तेथवर वाचवावे, हेही आज्ञापालनच आहे असे ते मानीत. ४ मे १५३५ रोजी कार्थुशियन मठवासीयांना वधस्थळाकडे नेले जात असताना मोर व मार्गारेट यांनी खिडकीतून पाहिले. ज्या मठात मोर एकेकाळी राहिले होते तेथील प्रमुख त्यांत होते. जणू लग्नाला निघावे तशा आनंदाने ते चालले आहेत, असे मोर यांनी मुलीला दाखविले. २२ जून रोजी बिशप फिशर यांचा शिरच्छेद झाला.

खोटी शपथ आणि खरी

१ जुलै १५३५ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला उभा राहिला. हा तोच हॉल, जेथे मोर यांनी वडिलांपुढे गुडघे टेकले होते. न्यायमंडळात ॲन बोलीनचे वडील, भाऊ व मामा बसले होते. मोर यांचे मौन भेदता येईना. तेव्हा सॉलिसिटर जनरल रिचर्ड रिच साक्षीला उभे राहिले. तुरुंगातून मोर यांची पुस्तके नेण्यासाठी गेलो असता मोर यांनी आपल्यापाशी राजाची पदवी नाकारली, असे त्यांनी शपथेवर सांगितले. खोलीत असलेल्या इतर दोघांनी, आपण पुस्तके भरण्यात गुंतलो होतो व संभाषण ऐकले नाही, अशी साक्ष दिली.

मोर यांनी रिच यांना तोंडावर खोटे ठरविले. आपण शपथेची पर्वा न करणारे असतो तर आज आरोपी म्हणून येथे उभेच राहिलो नसतो, असे त्यांनी न्यायमंडळाला सुनावले. आमच्या मते संपूर्ण खटल्याचे सार या उत्तरात आहे. त्या दालनात दोन माणसे समोरासमोर होती. एक शपथ घेऊन खोटे बोलत होता. दुसरा खोटी शपथ घेत नव्हता म्हणून मरणार होता. पुढे रिच स्वतः लॉर्ड चॅन्सेलर झाले.

पंचांनी सुमारे पाव तासात दोषी असा निर्णय दिला. आता मौनाचे कारण उरले नव्हते. कोणत्याही एका देशाच्या संसदेला विश्वव्यापी ख्रिस्तसभेच्या नियमाविरुद्ध कायदा करता येत नाही, हे मोर यांनी स्पष्ट शब्दांत मांडले. मग त्यांनी न्यायाधीशांना संत स्तेफनाची आठवण दिली. त्याच्या वधाला संमती देणारे पौल आज त्याच्याबरोबर स्वर्गात आहेत. तसेच आपणही सर्व जण तेथे आनंदाने भेटू, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. टॉवरकडे परतताना मार्गारेट शिपायांच्या गर्दीतून धावत पुढे आली व तिने वडिलांना मिठी मारली.

५ जुलै रोजी त्यांनी ते केसाळ वस्त्र मार्गारेटकडे पाठवून दिले. ६ जुलै १५३५ रोजी टॉवर हिलवर, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचा शिरच्छेद झाला. वधमंचाच्या डळमळत्या पायऱ्या चढताना त्यांनी आधाराला हात मागितला, आणि उतरताना मी माझे पाहून घेईन, असा विनोद केला. एक्कावन्नावे स्तोत्र म्हणून त्यांनी मान ठेवली. आपण राजाचे निष्ठावंत सेवक म्हणून मरत आहोत, परंतु सर्वांआधी देवाचे, असा त्यांच्या अखेरच्या शब्दांचा आशय सांगितला जातो. लंडन पुलावर टांगलेले त्यांचे मस्तक मार्गारेटने मिळवले व जपून ठेवले.

पोप महोदय तेरावे लिओ यांनी १८८६ साली त्यांना धन्यवादित घोषित केले आणि अकरावे पायस यांनी १९ मे १९३५ रोजी संतपद बहाल केले. २००० साली पोप महोदय दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना राज्यकर्ते व राजकारणी यांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले.

आपल्यासाठी

देवाच्या आज्ञा बाळपणी पाठ करायच्या आणि व्यवहारात पडल्यावर सवडीने पाळायच्या, अशी समजूत आपल्यातही रुजू लागली आहे. काळ बदलला, सगळेच असे करतात, एका सहीने काय बिघडते, हे शब्द आपण ऐकतो व उच्चारतोही. मोर यांनाही नेमके हेच सांगितले गेले होते.

आपणांपैकी बहुतेकांवर वधमंच चढण्याची वेळ येणार नाही. परंतु देवाला साक्षी ठेवून आपणही बोललो आहोत. पास्काच्या रात्री हाती मेणबत्ती घेऊन आपण बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारतो. वेदीपुढे पतिपत्नींनी एकमेकांना शब्द दिलेला असतो. आम्ही धर्मगुरूंनीही दीक्षेच्या दिवशी बिशपांच्या हाती हात देऊन तो दिलेला असतो. न्यायालयात देवाला स्मरून साक्ष द्यावी लागते. वाटणीचा दावा असो की कचेरीतील प्रतिज्ञापत्र, आपल्या सहीवर कोणीतरी विश्वास ठेवतो.

मोर यांना त्या एप्रिलच्या सकाळी नाही म्हणण्याचे बळ एकाएकी आले नव्हते. हातमोज्यांतली नाणी परत केली तेव्हा ते थोडे आले होते, वडिलांपुढे गुडघे टेकले तेव्हा थोडे, आणि घरच्यांबरोबर रोज रात्री केलेल्या प्रार्थनेत थोडे. आज रात्री आपल्या घरी कुटुंबप्रार्थना होईल, तेव्हा दहा आज्ञा एकदा सर्वांनी मिळून सावकाश म्हणाव्यात, आणि दुसरीपाशी क्षणभर थांबावे. संत थॉमस मोर, आमच्यासाठी विनंती करा.